बिडाचं आप्पेपात्र: सात खळगे आणि एक खोटं लेबल

अठ्ठावीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात काढली. बिडाची वस्तू हातात आली की आधी वाजवून बघायची, ही खोड काही जात नाही. गणपत गल्लीतल्या भांड्यांच्या दुकानात किल्लीनं टक् टक् करायला लागलो, तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "काका, देवळातली घंटा नव्हे की ती." पण तडा गेलेलं ओतीव बद्द वाजतं. तिसरं पात्र खणखणलं, तेच घेतलं. ७ खळगे, वजन २ किलोच्या थोडं वर, ७८० रुपये.

घरी चष्मा लावून नीट बघितलं. ओतकाम चांगलं आहे. जाडी सगळीकडे सारखी, ब्लो होल, म्हणजे ओतताना हवा अडकून पडलेलं भोक, एकही नाही. फेटलिंग, म्हणजे ओतल्यावरची साफसफाई-घासघूस, मात्र सुट्टीचा भोंगा व्हायच्या आधी उरकलेलं. काठावर पार्टिंग लाइनची, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली, धार तशीच राहिलीय, बोटाला लागते. मी कानस घेऊन घासली, पण कानस काय सगळ्यांच्या घरात असते? मधल्या खळग्याच्या तळाला वाळूचे दोन-तीन खरखरीत ठिपके. पीठ इथंच धरणार म्हणून हिला आधीच सांगितलं होतं.

मुख्य तक्रार लेबलाची. वर लिहिलंय, 'सीझन केलेलं, थेट वापरा', म्हणजे तेल मुरवून तयार केलेलं. थेट वापरलं. पहिला घाणा चमच्यानं खरवडून काढला, आणि जे निघालं त्याला आप्पे म्हणवेना. शेजारच्या अक्का धारवाडकडच्या. त्या आप्प्यांना गुंडपंगळ म्हणतात, कुणी पड्डूही म्हणतं. त्यांनी पात्र बघितलं आणि म्हणाल्या, "हे काय काका, अंघोळीच्या आधीच कामाला लावलासा?" मग त्यांच्या सांगण्यावरून सगळं पहिल्यापासून. साबण लावून काथ्यानं घासलं. ३ दिवस तांदळाच्या धुवणात बुडवून ठेवलं, धुवण रोज बदललं. मग गॅसवर कोरडं करून तेल चोळलं, कांदा परतून टाकून दिला, परत तेल. चौथ्या दिवशी आप्पे सुईनं अलगद फिरले. मधला खळगा सोडून. तो अजून रुसलेलाच आहे.

पीठ आमचं साधंच. ३ वाट्या जाडा तांदूळ, १ वाटी उडीद डाळ, मूठभर पोहे, अर्धा चमचा मेथी. डिसेंबरातल्या आमच्या थंडीत रात्रीत फुगत नाही, म्हणून पातेलं जुन्या शालीत गुंडाळून ठेवतो. सकाळी त्यात कांदा, हिरवी मिरची, कढीपत्ता आणि मोहरी-हरभरा डाळीची फोडणी. इडलीच्या पिठापेक्षा किंचित सैल, पण चमच्यावरून धार लागेल इतकं नको.

आचेचं म्हणाल तर बीड तापायला वेळ घेतं आणि निवायलाही. मोठ्या गॅसवर मधला काळा होतो तेव्हा कडेचे पांढरेच असतात. मी बारीक आचेवर पाच मिनिटं तापवतो, खळग्यात अर्धा चमचा तेल, आधी कडेचे सहा भरायचे, मधला शेवटी. झाकण ठेवून तीन मिनिटं, उलटून दोन. वरचं कवच कुरकुरीत, आत जाळी. नॉनस्टिकवर असलं कवच आमच्या घरात कधी झालं नव्हतं, आणि त्याचा थर निघून आप्प्याला चिकटायचा तो वेगळाच. इंडक्शनवाल्यांनी मात्र याच्या नादाला लागू नये. खालून खळगे बाहेर आलेत, पात्र सपाट बसत नाही.

आणि एक. तापलेल्या पात्रावर गार पाणी ओतू नका. बीड तडकतं, मग कुणाचीही गॅरंटी कामाची नाही. पुसून, तेलाचा बोळा फिरवून ठेवायचं.

खोबरं आणि फुटाण्याच्या डाळीची चटणी, वर लाल मिरचीची फोडणी, आणि तव्यावरून थेट ताटात. नातू उभ्यानंच अकरा खातो. माणसं सहा, खळगे सात, त्यातला एक रुसलेला. ही सगळ्यांचं होईपर्यंत गॅसपाशीच उभी राहते, म्हणून हल्ली सुई मी हातात घेतो. बाराचं घ्यायला हवं होतं, पण तेही उचलून बघितलं होतं दुकानात. हिचं मनगट दुखतंय आणि माझी कंबर.

पाचपैकी साडेतीन. अर्धा लेबलाचा कापला, एक फेटलिंगचा.