सस्पेन्शन सीटपोस्ट: कंबरेच्या ऑपरेशननंतर सात महिने

आधी माझी कुंडली, कारण त्याशिवाय हा अनुभव कुणाच्या कामाचा नाही. वय 47, वजन 78 किलो. एल5-एस1, म्हणजे कंबरेच्या अगदी खालच्या सांध्यातली मणक्याची गादी सरकून नसेवर बसली होती. उजव्या पोटरीत कळ, पायाच्या करंगळीच्या बाजूने मुंग्या, आणि उजव्या पायाच्या चवड्यावर उभं राहायला गेलो तर टाच उचलायचीच नाही. मायक्रोडिसेक्टॉमी, म्हणजे नसेवर दाबणारा गादीचा तुकडा काढायचं ऑपरेशन, झाली. दुसऱ्याच दिवशी मला चालायला लावलं, मग सहा आठवडे वाकणं आणि वजन उचलणं बंद. त्यानंतर फिजिओथेरपीच्या मॅडमनी घरातल्या स्थिर सायकलवर दहा मिनिटांपासून सुरुवात करून दिली. रस्त्यावर यायला साडेचार महिने लागले. हे वेळापत्रक माझ्या मणक्याचं आहे, तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

सायकल जुनीच, हायब्रिड. दुकानात विचारलं तर पोरगा म्हणाला, "काका, हा सीटपोस्ट टाका, सोफ्यावर बसल्यासारखं वाटेल." सीटपोस्ट म्हणजे सीट जिच्यावर बसते ती नळी. हा साधा स्प्रिंगचा, 27.2 मिलिमीटर जाडीचा, 40 मिलिमीटर दबणारा.

पहिले दोन आठवडे पैसे पाण्यात गेले असंच वाटलं. बसलो की सीट बदकन खाली, आणि खड्डा आला की स्प्रिंग तळाला टेकून खाडकन धक्का थेट कंबरेत. स्प्रिंग माझ्या वजनाला सैल होती, एवढंच. सीटपोस्ट काढून उलटा केला की बुडाशी अ‍ॅलन कीचा स्क्रू दिसतो. तो अर्धा फेरा आवळायचा, गल्लीत एक चक्कर मारायची, परत अर्धा फेरा. एका रविवारची सगळी सकाळ त्यातच गेली. आता मी बसल्यावर सीट जेमतेम सेंटीमीटरभर दबते. म्हणून सीट तेवढी वर घेतली. हे मात्र दुकानात कुणी सांगितलं नव्हतं. सीट खाली राहिली तर गुडघे बोलायला लागतात, आणि फार वर गेली तर प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवीकडे डोलते. आपल्यासारख्यांना ते डोलणं नको.

पण खरा आराम सीटपोस्टने दिला का? निम्माच. त्याहून जास्त फरक कोन बदलता येणाऱ्या स्टेमने, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्याने पडला. पूर्वी हँडल सीटच्या खाली होतं, ऐटीत. आता चार बोटं वर आहे, त्यामुळे पाठीची कमान होत नाही. मुलगा म्हणतो, "बाबा, दूधवाल्याची सायकल दिसते." दिसू दे. टायरही 28 मिलिमीटर रुंदीचे काढून 38 चे टाकले, हवा 90 वरून 50 पीएसआयवर आणली. रस्त्याची बारीक थरथर टायर खातो, मोठा दणका सीटपोस्ट. तरी कोथरूडचे गतिरोधक दिसले की मी अजूनही पेडलवर उभा राहून बूड उचलतोच.

तक्रारी आहेत. वजन मूळ पोस्टच्या जवळपास दुप्पट. सीट किंचित डावी-उजवीकडे हलते, सवय होईपर्यंत बोल्ट सैल झाल्यासारखं वाटतं. पावसाळ्यात मागच्या चाकाचा चिखल थेट सांध्यात जातो आणि झोपाळ्यासारखं कुरकुरणं सुरू होतं. जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापून मोज्यासारखा चढवला, महिन्याला ग्रीस लावतो. गप्प आहे.

आणि ज्यावर कुठलाही सुटा भाग चालत नाही, ते म्हणजे जिना. आमचा दुसरा मजला, लिफ्ट नाही. रस्त्यावर आल्यावर तिसऱ्या महिन्यात फाजील आत्मविश्वासाने सायकल खांद्यावर घेतली, वळणावर अंग पिळलं, आणि चार दिवस जुनी कळ परत. अकराशे किलोमीटर चालवून जे दुखलं नाही ते अठरा पायऱ्यांनी दुखवलं. तेव्हापासून ती खाली पार्किंगमध्ये साखळीला असते. सायकलवर बसतानाही आता मागून टांग टाकत नाही. सायकल अंगाकडे तिरकी करतो आणि पाय हळूच पलीकडे नेतो.

विकत घ्यायचं असेल तर आधी स्टेम, मग टायर, पैसे उरले तर सीटपोस्ट. माझ्यासारखं सरळ बसून चालवणार असाल तर तो कामाचा आहे. वाकून वेगात जाणाऱ्यांच्या कंबरेला त्याचा काही फायदा होईलसं वाटत नाही.

पाषाण तलाव आता नेहमीचा झालाय, खडकवासला महिन्यातून एकदा. सिंहगडाचा चढ अजून नाही. मॅडमची अट आहे: एका पायावर टाच उचलायची, दोन्ही पायांनी सारखीच, वीस-वीस वेळा. डावा पाय वीस करतो. उजवा अजून चौदालाच थांबतो.