प्रीपेड फॉरेक्स कार्ड आणि अडकलेले १५० युरो

परवा बँकेचा एसएमएस आला आणि सप्टेंबरात एका पेट्रोल पंपावर अडकलेले माझे १५० युरो एकदाचे परत मिळाले. पाच महिने लागले. म्हणून आज लिहायला बसलोय, नाहीतर हा अनुभव शिव्यांपलीकडे गेलाच नसता.

सोबत कार्डं तीन होती: युरो भरलेलं प्रीपेड, रोजचं क्रेडिट आणि बचत खात्याचं डेबिट. मिलानला भाड्याची गाडी घेऊन जेनोव्हा, नीस, जिनिव्हा आणि ग्रेट सेंट बर्नार्डच्या बोगद्यातून परत, असे अकरा दिवस. माझा हिशेब पक्का होता. क्रेडिट कार्डवर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते ते जादा शुल्क, वर त्यावर कर, म्हणजे हजार युरोमागे चाळीसेक युरो पाण्यात. प्रीपेडवर दर आधीच बांधून घेतलेला. मी चिकट माणूस आहे, हे बायकोला लग्नाआधीपासून माहीत आहे. त्यामुळे क्रेडिट कार्ड 'अडीअडचणीला' म्हणून बॅगेत, बॅग डिकीत.

पहिली अडचण गाडी घेतानाच आली. काउंटरवरच्या मुलीने प्रीपेड कार्ड उलटून पाहिलं, त्यावर नाव नाही हे बोटाने दाखवलं आणि परत दिलं. डिपॉझिटला क्रेडिट कार्डच हवं, तेही मुख्य ड्रायव्हरच्या नावाचं. बुकिंग मेव्हण्याच्या नावावर, कार्ड माझं. मग कागदोपत्री मुख्य ड्रायव्हर मी झालो आणि सगळी गाडी चालवणारा मेव्हणा 'जादा ड्रायव्हर', ज्याचे रोजचे पैसे वेगळे. बुकिंगच्या अटींमध्ये हे लिहिलेलं होतं. वाचलं कोणी होतं?

आता पंप. फ्रान्समध्ये रात्री सुपरमार्केटच्या पंपावर माणूस नसतो. आधी कार्ड, मग पिन, मग पंपाचा नंबर, मग नोझल. मशीनला तुम्ही किती भरणार हे माहीत नसतं, म्हणून ते आधी एक ठोक रक्कम अडवून ठेवतं. माझे १५० अडवले. पेट्रोल भरलं ६१ युरोचं. खरं तर १५० सुटून ६१ कापले जायला हवेत. पण ६१ ची नोंद स्वतंत्र व्यवहार म्हणून आली आणि १५० चा होल्ड तसाच बसून राहिला. म्हणजे टाकी भरली एकदा, कार्डातून गेले २११.

क्रेडिट कार्डवर असा होल्ड आला तर तेवढी लिमिट दबते, आपल्याला कळतही नाही. प्रीपेडवर आणि डेबिटवर मात्र आपलेच रोख पैसे अडकतात. एवढी एक गोष्ट निघण्याआधी कोणी सांगितली असती तर! मी त्या रात्री हॉटेलात अर्धा तास ॲपमध्ये बॅलन्स रिफ्रेश करत होतो. मेव्हणा म्हणाला, "दाजी, झोपा आता. बघून पैसे सुटत नाहीत." तो बरोबर होता.

त्याआधी इटलीत टोलवर वेगळीच गंमत झाली. पिवळी लेन फक्त टेलिपासवाल्यांची (आपल्या फास्टॅगसारखं टोलचं यंत्र गाडीत लावलेल्यांची), निळ्या पाटीखाली कार्ड, पांढऱ्या पाटीखाली रोख. निळ्यात घुसलो, प्रीपेड घातलं, बाहेर. पुन्हा घातलं, पुन्हा बाहेर. टोलची बरीच मशीनं दर गाडीमागे बँकेला विचारत बसत नाहीत आणि प्रीपेड कार्ड विचारल्याशिवाय पैसे सोडत नाही, तिथे गाडं अडतं. क्रेडिट कार्ड डिकीत, मागे चार गाड्या, त्यातला एक हॉर्नवरून हात काढायला तयार नाही. शेवटी मदतीचं बटण दाबलं, तर मशीनने एक चिठ्ठी छापली आणि दांडा वर झाला. पैसे न भरल्याची नोंद, १५ दिवसांत भरले तर वर एक सेंटही जास्त नाही. त्या रात्री ऑनलाइन भरून टाकले. सगळ्या प्रवासात माझ्याशी सर्वांत सभ्यपणे वागलेली वस्तू ती चिठ्ठी.

स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक. युरोच्या कार्डाने फ्रँक दिले की चलनबदलाचा आकार पुन्हा लागतो, म्हणजे ज्यासाठी हे कार्ड घेतलं तोच मुद्दा बाद. हायवेचं विन्येट, म्हणजे हायवे वापरण्याचा एकरकमी टोल-परवाना, ४० फ्रँकचं. ते १४ महिन्यांपर्यंत चालतं, आम्ही दोन दिवस वापरलं. बोगद्याचा टोल त्यात धरत नाहीत, तो वेगळा.

परत आल्यावर शिल्लक काढून प्रीपेड कार्ड बंद केलं. हा खरा मूर्खपणा. तीन आठवड्यांनी होल्ड सुटला आणि पैसे बंद कार्डावर जाऊन बसले. कस्टमर केअर म्हणे, होल्ड पंपाने सोडायचा असतो. अहो, सोडलाय, तुमच्याकडेच आलाय! चार तक्रार क्रमांक, दोनदा तेच स्टेटमेंट. शेवटी आले तेही त्यांच्या खरेदीच्या दराने, म्हणजे मी घेतले त्यापेक्षा कमी दराने.

इथवर लिहून झाल्यावर स्टेटमेंटं पुन्हा काढून बेरीज केली. प्रीपेडने खरंच पैसे वाचले. दर, भरणा शुल्क, फ्रँकचा घोळ, सगळं धरून २३ युरो. जादा ड्रायव्हरच्या पैशांतच ते केव्हाचे गेले होते. तरी बेकरी, पार्किंग, एटीएमला हे कार्ड उत्तम चाललं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. जिथे रक्कम जागच्या जागी ठरते तिथे काहीच त्रास नाही. मशीन 'तुमच्या चलनात देता का' विचारेल तेव्हा नाही म्हणायचं, एवढंच. हे मी एकदा विसरलो, त्याचा आकडा लिहीत नाही.

पुढच्या वेळी क्रेडिट कार्ड शर्टाच्या खिशात. गाडी, पेट्रोल, टोल त्यावर. मार्कअप गेला तर गेला.

पण तेही कार्ड साधं नाही. जानेवारीत भाडेकंपनीने त्यावरून 'प्रशासकीय शुल्क' कापलं. इटलीतल्या एका शहरात मेव्हण्याने गाडी जुन्या भागातल्या बंदी क्षेत्रात घातली होती, कॅमेऱ्याने टिपली, पोलिसांनी पत्ता मागितला, तो दिल्याचे पैसे. दंड अजून वेगळा यायचाय. परदेशातल्या माणसाला नोटीस पाठवायला त्यांच्याकडे ३६० दिवस असतात. आणि कागदोपत्री ड्रायव्हर मीच आहे.