डबे नऊ, घराणी दोन: द्राक्षातील डाऊनीच्या औषधांचे परीक्षण

गोडी छाटणी, म्हणजे द्राक्षाच्या फळांसाठीची छाटणी, उरकली की नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव, ओझर, निफाड, दिंडोरीच्या कृषी सेवा केंद्रांत एकच प्रश्न ऐकू येतो: "डाऊनीला काय चाललंय?" उत्तरही ठरलेले: "हे मारा, रिझल्ट आहे." हे परीक्षण त्या 'रिझल्ट'चे आहे. ब्रँडची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत. डब्याच्या मागे बारीक अक्षरात छापलेला घटक तेवढा पाहिला आहे, कारण डाऊनीचा जीव जुळवून घेतो तो त्या घटकाशी. डब्याच्या रंगाशी त्याला देणेघेणे नाही.

आधी शत्रूची जात. डाऊनी म्हणजे केवडा हा द्राक्षाचा रोग, आणि तो आणणाऱ्या जीवाचे शास्त्रीय नाव प्लाझ्मोपारा व्हिटिकोला. आपण तिला सवयीने बुरशी म्हणतो, पण वंशावळीत ती खऱ्या बुरशीपासून फार पूर्वी वेगळी झालेली आहे. तिचे जवळचे नातलग समुद्रातले तपकिरी शैवाल आहे. भुरी हा द्राक्षाचा दुसरा रोग मात्र खरी बुरशी. हा फरक थेट खिशाला लागतो. हेक्झाकोनॅझोल, मायक्लोब्युटॅनिल, डायफेनोकोनॅझोल ही मंडळी बुरशीच्या पेशीतले एर्गोस्टेरॉल बनण्याचे काम बंद पाडतात. डाऊनी ते बनवतच नाही, त्यामुळे भुरीचे ट्रायझोल डाऊनीवर मारणे म्हणजे निव्वळ पाणी मारणे. उलट डाऊनीच्या पेशीभिंतीत सेल्युलोज असते, बुरशीच्या भिंतीत कायटिन. सेल्युलोजवर घाव घालणारे औषध म्हणूनच डाऊनीला चालते आणि भुरीला नाही.

आता फळीवरचे डबे. अॅझोक्सिस्ट्रोबिन, क्रेसॉक्झिम-मिथाइल, पायराक्लोस्ट्रोबिन अधिक मेटिराम, फॅमोक्झॅडोन अधिक सायमोक्झॅनील, फेनॅमिडोन अधिक मॅन्कोझेब. पाच डबे, पाच वेगळी नावे, पण स्ट्रोबिन आणि त्याच्या भावंडांचा मारा एकाच ठिकाणी होतो: पेशीच्या श्वसनातले सायटोक्रोम-बी हे प्रथिन. फॅमोक्झॅडोन आणि फेनॅमिडोन यांच्या नावात 'स्ट्रोबिन' नाही म्हणून ते वेगळे वाटतात, वेगळे नाहीत. औषधांना येणाऱ्या प्रतिकाराच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हे सगळे गट ११ मध्ये बसतात. दुसरीकडे डायमेथोमॉर्फ, मँडिप्रोपामिड, इप्रोव्हॅलिकार्ब अधिक प्रोपिनेब, अमेटोक्ट्राडिन अधिक डायमेथोमॉर्फ. चार डबे, आणि चारही डब्यांत गट ४० चा घटक आहे, सेल्युलोज बनवणाऱ्या एन्झाइमवर मारा करणारा. सोमवारी डायमेथोमॉर्फ, पुढच्या सोमवारी मँडिप्रोपामिड, त्यानंतर इप्रोव्हॅलिकार्बचे मिश्रण मारणारा बागायतदार समजतो की औषधे आलटून पालटून मारली. त्याने एकच औषध तीनदा मारलेले असते. नऊ डब्यांची दोन घराणी, ती अशी.

गट ११ ला आज डाऊनीसाठी पैसे मोजू नयेत, हे आमचे स्पष्ट मत. स्ट्रोबिन बाजारात आले १९९६ मध्ये, आणि १९९९ पर्यंत युरोपच्या बागांत डाऊनीने त्याला दाद देणे बंद केले होते. बदल किती होता? सायटोक्रोम-बी प्रथिनाच्या साखळीत १४३ व्या जागी ग्लायसिन असते, तिथे अॅलॅनिन आले. एवढेच. जी१४३ए नावाचा हा एका अक्षराचा बदल झाला की औषधाला बसायला जागाच राहत नाही. डोस लिटरला ०.५ मिलीवरून १ मिली केला तरी फरक पडत नाही. कुलूपच बदलले तर जुनी किल्ली दोनदा फिरवून काय होणार? शिवाय या प्रथिनाचे जनुक पेशीच्या केंद्रकात नसून मायटोकॉन्ड्रियात असते आणि एकाच पालकाकडून जसेच्या तसे पुढे जाते. संकर होऊन ते पातळ होत नाही, झाकले जात नाही. औषध मारले की संवेदनशील सगळे मरतात, उरलेल्यांच्या बीजाणूंना मोकळे पान मिळते.

गट ४० ची गोष्ट निराळी, आणि याच कारणाने हा गट अजून विकत घेण्याजोगा आहे. डाऊनीच्या जीवात केंद्रकातल्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. सेल्युलोजच्या जनुकात ११०५ व्या जागी ग्लायसिनऐवजी सेरिन आले (जी११०५एस) तरी एक प्रत चांगली असेपर्यंत औषध काम करते. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच तो जीव वाचतो. म्हणजे एकेक प्रत बाळगणाऱ्या दोघांचा संकर व्हायला हवा, आणि तेव्हाही चारांत एक संतती वाचणार. हा संकर होतो गळून पडलेल्या पानांत, जिथे जाड कवचाचे ऊस्पोअर तयार होतात. म्हणून या गटाचे आयुष्य जास्त लांबते. पण एकदा दोन्ही प्रती जुळलेला जीव पानावर पोहोचला की पावसाळी हवेत त्याच्या अलैंगिक पिढ्या आठवड्याला एक या वेगाने निघतात, आणि त्या सगळ्या तशाच.

महाराष्ट्रातल्या बागांच्या नमुन्यांत हे दोन्ही बदल सापडल्याचे द्राक्ष संशोधनातल्या शास्त्रज्ञांनी २०१६-१७ च्या सुमारास प्रसिद्ध केलेले आहे. त्यामुळे 'ते युरोपातले प्रकरण' असे म्हणून पुढे जाता येत नाही.

औषधातून वाचणाऱ्या डाऊनीची ही निवड नाशिकमध्ये इतक्या वेगाने का होते, तेही पाहू. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, पाने गळतात, डाऊनीची नवी पिढी वसंतात जमिनीतल्या ऊस्पोअरपासून पहिल्यापासून सुरू होते. आपल्याकडे वेल वर्षभर हिरवा. एप्रिलची खरड छाटणी, मग पावसाळाभर काडीची फूट, सटाणा-देवळा-कळवणकडे अर्ली बागांची छाटणी जुलै-ऑगस्टपासून, आणि निफाड-दिंडोरीच्या बागा ऑक्टोबरात. डाऊनीला एका हिरव्या पानावरून दुसऱ्या हिरव्या पानावर जायला कुठेच खंड पडत नाही. अर्ली बागेत एकाच गटाच्या चार फवारण्यांनी जे बीजाणू गाळून निघाले, तेच परतीच्या पावसात पुढच्या बागांच्या कोवळ्या फुटीवर उतरू शकतात. निवड तिथे होते, नुकसान इथे. गटांची अदलाबदल एकट्या बागेपुरती करून भागत नाही, गावाने मिळून ठरवावी लागते. ती ठरत नाही, हेही खरे.

मेटॅलॅक्झिल अधिक मॅन्कोझेब अजून पुष्कळ खपते. मेटॅलॅक्झिल १९७७ चे, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच द्राक्षाच्या डाऊनीत त्याला प्रतिकार दिसला. आज त्या पिशवीतले काम बहुतेक वेळा मॅन्कोझेब करते. सायमोक्झॅनील ८% अधिक मॅन्कोझेब ६४% मात्र ठेवावे. सायमोक्झॅनील पानात शिरते, लागण होऊन एक-दोन दिवस झाले असतील तरी आत पकडते, आणि तितक्याच लवकर विरते. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी मारायचे औषध ते, आठ दिवस संरक्षण देईल या भरवशावर ठेवायचे नाही. एक हिशेब मात्र करा. २ ग्रॅम प्रति लिटरने या मिश्रणातून मॅन्कोझेब मिळते १.२८ ग्रॅम. साधे ७५% मॅन्कोझेब त्याच २ ग्रॅमने मारले तर १.५ ग्रॅम. महागड्या मिश्रणात संरक्षणाचा भाग साध्या पिशवीपेक्षा कमीच असतो. मिश्रण घेतले तेव्हा दुसरा घटक खरेच चालतो का, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा.

या परीक्षणात सर्वांत वर येते तेच, ज्याकडे दुकानात कोणी बोट दाखवत नाही: साधे मॅन्कोझेब आणि मोरचूद, म्हणजे तांब्याचे औषध. मॅन्कोझेब एकाच कुलपाची किल्ली नाही; पेशीतल्या अनेक एन्झाइमांना एकदम बिघडवते. तांब्याचेही तसेच. एका अक्षराच्या बदलाने यातून सुटका नाही, एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी बदल जुळावे लागतील. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण १८८५ पासून वापरात आहे, आणि डाऊनीने अजून त्याच्यापुढे हात टेकलेलेच आहेत. उणीव अशी की दोन्ही पानाच्या वर राहतात. नवी फूट निघाली की ती उघडी, पाऊस आला की धुतली गेली. मॅन्कोझेबची मान्यता युरोपीय संघाने २०२० मध्ये नूतनीकरणाविना संपवली, त्यामुळे निर्यातीच्या बागेत ते केव्हापर्यंत मारायचे हे त्या वर्षीच्या शिफारस यादीतले काढणीपूर्व दिवस, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस, पाहूनच ठरवा.

एक टक्का बोर्डोला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या टाकीत ५०-५० लिटरमध्ये विरघळवा, चुना गाळून घ्या, आणि मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळा. उलट करू नका. लोखंडाचा स्वच्छ खिळा पाच मिनिटे बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घाला. त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी कण मोठे होऊन खाली बसतात आणि नोझल तुंबते. कोवळ्या फुटीवर आणि फुलोऱ्यात हे नको, पान करपते. पावसाळ्यातल्या पक्व पानांवर ते शोभते.

फोसेटिल-अॅल्युमिनियम आणि पोटॅशियम फॉस्फोनेट ही तिसरी तऱ्हा. यांचे बरेचसे काम वेलीची स्वतःची संरक्षणव्यवस्था जागी करून होते, त्यामुळे प्रतिकार सावकाश येतो. वेलीत वरखाली फिरतात, नव्या फुटीपर्यंत पोहोचतात. लागण होण्याआधी मारले तर किंमत वसूल. पांढरी वाढ दिसल्यावर मारून उपयोग नाही. फोसेटिलचे द्रावण आम्ल असते, ते तांब्याच्या औषधासोबत किंवा त्याच्या थरावर लगेच मारले तर तांबे जास्त विरघळून पाने भाजतात. ही चूक दरवर्षी कुठे ना कुठे होते, आणि खापर फुटते फोसेटिलच्या कंपनीवर.

फ्लुओपिकोलाइड आणि सायझोफॅमिड ही दोन वेगळ्या घराण्यांची औषधे. सायझोफॅमिड श्वसनाच्या त्याच प्रथिनावर काम करते, पण दुसऱ्या बाजूने, त्यामुळे जी१४३ए त्याला आडवा येत नाही. अमेटोक्ट्राडिनचेही तसेच. चांगली आहेत म्हणूनच हंगामात दोनपेक्षा जास्त वेळा नकोत, लागोपाठ तर नकोतच, आणि सोबत मॅन्कोझेबसारखा अनेक ठिकाणी मारा करणारा घटक हवा.

औषध सोडून डाऊनीला तोंड देणाऱ्या जातीच लावाव्यात, असा प्रश्न येतो. थॉमसन, सोनाका, शरद या सगळ्या युरोप-आशियाच्या व्हिनिफेरा कुळातल्या, आणि डाऊनी मूळची उत्तर अमेरिकेची. तिथल्या रानवेलींसोबत ती लाखो वर्षे वाढली, वेलींनी प्रतिकार कमावला आणि डाऊनीने त्यावर तोड काढली. एवढेच नव्हे, तिथे डाऊनी वेलीच्या जातींप्रमाणे वेगवेगळ्या वंशांत फुटलेली आहे. दिसायला एकच, पण एकेका वंशाचा ओढा ठरावीक वेलींकडे. त्यातला व्हिटिस एस्टिव्हॅलिस या रानवेलीवरचा वंश एकोणिसाव्या शतकात युरोपात शिरला आणि तिथून दुसऱ्या खंडांतल्या बागांत पसरला, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसले. व्हिनिफेराची या जीवाशी ओळखच नव्हती, म्हणून ती इतकी सहज बळी पडते. अमेरिकन वेलींची प्रतिकारक जनुके घेऊन केलेल्या जाती युरोपात आहेत, पण 'बियांका' या जातीतला आरपीव्ही३ या जनुकाचा प्रतिकार मोडणारी डाऊनी २०१० मध्येच नोंदली गेली. एका जनुकाचा प्रतिकार आणि एका जागेचे औषध, दोन्हींची एकच गत.

आता 'औषध फेल गेले' असे म्हणण्याआधी. निम्म्या वेळा औषध नव्हे, फवारणी फेल असते. डाऊनी पानाच्या खालच्या बाजूच्या छिद्रांतून आत शिरते, आणि फवारणीच्या ब्लोअरचा वेग वाढवून पाने एकावर एक चिकटवली की खालची बाजू कोरडीच राहते. पूर्ण कॅनॉपीत, म्हणजे पानांचा मांडव भरल्यावर, एकरी ४०० लिटर पाणी धरा, नुकत्या फुटलेल्या पोंग्याला त्याच्या निम्म्याहूनही कमी पुरते. नोझलमधल्या सिरॅमिक डिस्कचे छिद्र झिजले की थेंब मोठे होतात आणि घरंगळतात. पाण्याला संवेदनशील पिवळा कागद पानाच्या खाली टाचून फवारणी करा. निळे ठिपके विरळ दिसले तर दुकान बदलून काही होणार नाही.

ठिपके दाट आहेत आणि तरी डाग दिसतात, तेव्हा पिशवीची चाचणी करा. फवारणीनंतर तीन-चार दिवसांनी, सायंकाळी, ताजे तेलकट डाग असलेली दहा-पंधरा पाने वेगवेगळ्या वेलींवरून तोडा. ओल्या टिश्यूवर खालची बाजू वर करून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, तोंड बांधा, रात्रभर अंधारात, २० ते २५ अंशांच्या आसपास. फ्रिज नको, पत्र्याची शेडही नको. सकाळी डागाच्या खाली मिठासारखी पांढरी लव उगवली तर तो जीव जिवंत आहे आणि औषधातून तरला आहे. डाग तपकिरी, कोरडा आणि लव नाही, तर औषधाने काम केले. डाग दिसतोय म्हणून दुसरी फवारणी करू नका. तुलनेसाठी न फवारलेल्या ओळीतली पाने दुसऱ्या पिशवीत हवीतच, नाहीतर रात्र थंड गेली म्हणून लव आली नाही की औषधाने, हे कळणार नाही. पाहून झाल्यावर दोन्ही पिशव्या तोंड न सोडता बागेबाहेर पुरा.