युनिटला किती पडते? कॉमेट, टियागो की नेक्सॉन

पेट्रोलची गाडी घेताना आपण पहिल्यांदा विचारतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ टाकी किती लिटरची आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत मात्र नेमकं उलटं होतं. सगळे विचारतात, ‘एका चार्जमध्ये किती जाते?’ म्हणजे टाकीच मोजतात! रोजच्या वापराला खरा प्रश्न ‘विजेच्या एका युनिटला किती किलोमीटर पडते?’ हा आहे.

समजा, राहायला कोथरूड, ऑफिस हिंजवडीला. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, महिन्याला हजारेक. डोक्यात तीन गाड्या आहेत : एमजी कॉमेट (१७.३ युनिटची बॅटरी), टियागो ईव्ही (मोठी, २४ युनिटची) आणि नेक्सॉन ईव्ही (आधीची, ४०.५ युनिटची). बाजारात आणताना कंपन्यांनी सांगितलेली रेंज अनुक्रमे २३०, ३१५ आणि ४६५ किलोमीटर. हे आकडे चाचणीतले. एसी लावून, ट्रॅफिकमधून चालवली की कॉमेट युनिटला साधारण अकरा, टियागो नऊ आणि नेक्सॉन सात किलोमीटर देते, असं धरून चालायला हरकत नाही. कारण सरळ आहे. नेक्सॉन कॉमेटपेक्षा पाचशेहून जास्त किलोने जड आहे आणि प्रत्येक सिग्नलला ते वजन नव्याने ढकलावं लागतं. ब्रेक मारताना मोटर जनित्रासारखी चालते आणि काही वीज परत मिळते (यालाच रीजन म्हणतात), पण सगळी नाही.

हे झालं बॅटरीतून निघालेल्या विजेचं. बिल येतं ते भिंतीतून घेतलेल्या विजेचं. मी पार्किंगमध्ये सब-मीटर बसवून घेतला तेव्हा हे कळलं : गाडीची स्क्रीन म्हणते वीस युनिट भरले, मीटर म्हणतो साडेबावीस. मधले चार्जर आणि बॅटरी गरम होण्यात गेले. ही घट धरली तर हजार किलोमीटरला कॉमेट शंभरेक युनिट खाते, टियागो सव्वाशे, नेक्सॉन एकशेसाठ.

आता महावितरणचं बिल काढून बसा. घरचा वापर अडीचशे युनिट असेल, तर गाडीची पहिली पन्नास युनिटंच १०१ ते ३०० च्या टप्प्यात बसतात. उरलेली ३०१ च्या पुढच्या, महाग टप्प्यात जातात. त्यामुळे सरासरी दर लावू नका, शेवटच्या टप्प्याचा लावा. तो पंधरा रुपये धरला तरी टियागो आणि नेक्सॉनमधला फरक महिन्याला सव्वापाचशे रुपयांच्या आसपास येतो. म्हणजे ‘नेक्सॉन चालवायला महाग’ हे कारण फारसं टिकत नाही. महाग आहे ती विकत घ्यायला.

शहरात खरा घोळ एसी घालतो. एसी तासाला एक युनिट ओढतो असं धरू. रस्ता मोकळा असेल आणि तासात साठ किलोमीटर झाले, तर ते एक युनिट साठ किलोमीटरवर वाटलं जातं. वाकडच्या पुलाजवळ अडकून तासात पंधराच झाले, तर तेच युनिट पंधरावर. म्हणून मे महिन्यात ॲव्हरेज पडलं की गाडीला दोष देऊ नका.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर गणित बदलतं. ऐंशीऐवजी शंभरने गेलात तर हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. त्यात बोरघाट. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना गाडी साडेपाचशे मीटर वर जाते. टियागोएवढी गाडी दोन माणसांसकट तेवढी उचलायला दोन युनिटं लागतात, रस्ता कापायला लागणारी वेगळी. म्हणजे चौदाएक किलोमीटरला बॅटरी पंधरा-सोळा टक्के उतरते. पहिल्यांदा ते बघताना पोटात गोळा येतो! मुंबईकडे उतरताना मात्र आकडा जागचा हलत नाही, कधी टक्काभर वाढतोसुद्धा. फक्त लोणावळ्यात शंभर टक्के भरून निघू नका. भरलेल्या बॅटरीला रीजन घेता येत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

माझं मत विचाराल तर, घरात दुसरी गाडी असेल आणि ही फक्त ऑफिसला लागणार असेल, तर कॉमेट. तिला डीसी फास्ट चार्जिंग (वाटेतल्या मोठ्या चार्जरवर बॅटरी पटकन भरायची सोय) नाही, त्यामुळे मुंबईचा विषयच काढू नका. एकच गाडी, महिन्यातून एखादी मुंबई आणि वाटेत चहाला तासभर थांबायची तयारी, तर टियागो. दर शनिवार-रविवारी गावाला जाणारे, मागे आई-बाबा आणि डिकीत तांदळाचं पोतं, त्यांनी नेक्सॉनच घ्यावी. युनिटला दोन किलोमीटर कमी पडले तर पडले.

आणि टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. संध्याकाळी साडेसहाला मागा, ट्रिप मीटर शून्य करा, एसी चोवीसवर ठेवा आणि तुमच्या रोजच्याच रस्त्याने न्या. शोरूमवाला कुरकुर करेल. करू द्या.