चार स्विचचा एक्स्टेन्शन बोर्ड: गणपतीपासून वापरतेय, बिलाचं काय झालं?

टीव्हीसाठी गणपतीत घेतलेला बोर्ड, आता उन्हाळा लागलाय. चार सॉकेट, प्रत्येकाला वेगळा स्विच. 'हा बोर्डच वीज खाणार,' असं सासूबाई पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या, म्हणून एका रविवारी पडताळून पाहिलं. घरातलं बाकी सगळं बंद, फक्त बोर्ड चालू. मीटरवरचा लाल दिवा बराच वेळ लुकलुकलाच नाही. मग रिमोटने बंद केलेला सेट-टॉप बॉक्स जोडला, तर दर दोनेक मिनिटांनी लुकलुक! आमच्या मीटरवर ३२०० लुकलुकी म्हणजे एक युनिट, म्हणजे हा 'बंद' डबा साधारण ९ वॅट घेतोय. दिवसाचे वीस तास धरले तर महिन्याला साडेपाच युनिट. खाणारा हा, बोर्ड नाही.

आता रात्री स्विच बंद. बिलात शंभरच्या वर युनिट जाणाऱ्यांना हे जरा जास्त जाणवेल, कारण शंभरच्या वरच्या युनिटना दर चढा लागतो. आमचं एरवीही शंभरच्या वरच असतं, पण वाचणारे युनिटच थोडे, त्यामुळे फार मोठा चमत्कार झाला नाही.

वायर थोडी वीज उष्णतेत घालवते, हे खरं. पण ०.७५ चौ. मिमीच्या पाच मीटर तांब्याच्या वायरीतून हजार वॅटची इस्त्री चालवली तरी जेमतेम ५ वॅट जातात. दोन हजार वॅटचं लोड टाकलं की तेच जवळजवळ २० होतात, कारण करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. हे वीस वॅट बिलाला किरकोळ, वायरीला नाही. गुंडाळून ठेवलेली असेल तर जास्तच तापते. ६ अँपिअरच्या बोर्डावर तेराशे-चौदाशे वॅट ही हद्द समजा. गीझर, हीटर, इलेक्ट्रिक किटली भिंतीच्या १६ अँपिअर सॉकेटलाच लावा. (जाऊबाईंच्या घरी अजून दुसऱ्या बोर्डाला तिसरा बोर्ड आहे. सांगून दमले.)

तक्रारी दोन. तिसरं सॉकेट सैल पडलंय, चार्जर लोंबकळतो आणि पिन कोमट होते, म्हणून ते वापरणं सोडलं. आणि वायर दीडच मीटर, सोफ्यापर्यंत पोचत नाही. पाचपैकी साडेतीन.