मूट कोर्ट बरं की वाटाघाटींचं टेबल?

नेहमीच्या मूट कोर्टात, म्हणजे कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या सरावाच्या कोर्टात, बाजू मांडायची, न्यायाधीशांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं, जमलं तर करंडक घ्यायचा. कॅनडातल्या ‘कवास्किमहोन’ मूटमध्ये मात्र कुणी जिंकत नाही. विद्यार्थी कुणी मूळनिवासींच्या, कुणी सरकारच्या बाजूने बसतात आणि सहमतीचा तोडगा शोधतात. इथे समोरच्याला नुसतं खोडून भागत नाही; तो आपल्या माणसांना काय तोंड दाखवेल, तेही बघावं लागतं. (अवघड तेच!)

कॅनडातल्या मूळनिवासींनी जमिनीच्या हक्कासाठी लढलेला डेलगामूक खटला खालच्या कोर्टात ३७४ दिवस चालला. १९९७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मौखिक इतिहासाला पुराव्याचं वजन दिलं, पण जमिनीच्या हक्काचा निकाल न देता फेरसुनावणी सांगितली, वर वाटाघाटींचा सल्लाही दिला. जमिनीच्या वादात उतरायचं असेल तर मी टेबलच निवडेन. अपिलाचा मसुदा लिहायचा हात मात्र मूट कोर्टातच बसतो.