फेलओव्हर बघायचा कुठे: बीएमसीत की क्लस्टरमध्ये?

जळगाव एमआयडीसीतली डाळमिल असो की धुळ्याकडची जिनिंग, दोन सर्व्हर बसवले की मालक निर्धास्त. पहिला पडला की दुसऱ्याने त्याचं काम हाती घेणं म्हणजे फेलओव्हर. दुसरा सर्व्हर वेळेला उभा राहील का, हे तपासायचे मार्ग मुख्यतः दोन.

पहिला बीएमसी, म्हणजे मदरबोर्डवरचा स्वतंत्र छोटा कंट्रोलर. डेलमध्ये त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीईमध्ये आयएलओ. लिनक्स किंवा विंडोज पार गोठलं तरी तो उत्तर देतो, फक्त वीज हवी. पॉवर सप्लाय, पंखे, तापमान, जुन्या घटनांची नोंद, सगळं घरबसल्या दिसतं. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा एवढ्यासाठीच तो चालू ठेवावा. पण तो सांगतो ते सुट्या भागांचं. दोन्ही पॉवर सप्लाय हिरवे दिसतात आणि दोन्ही वायरी मात्र एकाच यूपीएसमध्ये! हे त्याला कळत नाही. वायर हाताने धरून शेवटपर्यंत जावं लागतं.

दुसरा मार्ग क्लस्टरचं, म्हणजे एकत्र बांधलेल्या सर्व्हरच्या जोडीचं, स्टेटस. काम सध्या कोणता सर्व्हर करतोय, हे इथेच कळतं. यासाठी कीपअलाइव्हड, पेसमेकर अशी सॉफ्टवेअर असतात. कीपअलाइव्हड हलकं आहे: व्हर्च्युअल आयपी, म्हणजे काम करणाऱ्या सर्व्हरकडे राहणारा सामाईक नेटवर्क पत्ता, कोणाकडे आहे ते दोन्ही मशीनवर बघायचं. दोघांकडे दिसला, तर त्यांचं एकमेकांशी बोलणंच तुटलंय. पेसमेकर जास्त सांगतो, कोणती सेवा किती वेळा पडली तेसुद्धा, पण त्याला फेन्सिंग लावावंच लागतं. फेन्सिंग म्हणजे बिघडलेल्या जोडीदाराची वीज तोडून खात्री करणं, आणि हे काम बहुधा बीएमसीमार्फतच होतं. गोम इथेच आहे. त्या सर्व्हरची वीज पूर्ण गेली की त्याचा बीएमसीही मेला. दुसऱ्याला खात्री पटत नाही आणि तो ताटकळत बसतो. तेव्हा दोन पॉवर सप्लाय दोन वेगळ्या यूपीएसवर घ्या.

माझं मत विचाराल तर, फक्त हिशोबाचं काम आणि टेक्निशियन लांब राहणारा, तर बीएमसीचे ईमेल अलर्ट आणि कीपअलाइव्हड पुरे. रात्रपाळीतही डेटाबेस थांबून चालत नसेल तरच पेसमेकरच्या वाटेला जा.

दोन्हीपैकी काहीही घेतलं तरी एकदा चालू सर्व्हरच्या वायरी खरोखर ओढून बघा, बॅकअप घेऊनच. जिनिंगवाल्यांनी हे दसऱ्याच्या आत उरकावं. कापसाच्या गाड्या लागल्या की काटा थांबवू कोणी देत नाही.